बाकी काढून दाखवा

क्रिप्टोग्राफीवर, म्हणजे संदेश गुप्त ठेवण्याच्या शास्त्रावर, सर्वसामान्य श्रोत्यांपुढे बोलायचं ठरलं की पहिला वाद गणितावरून होतो. आयोजक म्हणतात, "सर, गणित नको, लोक घाबरतात. गोष्टी सांगा, हेरांच्या, युद्धाच्या." विषयातले जाणकार म्हणतात, गणित वगळून यावर बोलणं म्हणजे जादूचे प्रयोग, त्यापेक्षा न बोललेलं बरं. मग घासाघीस सुरू होते: एखादं समीकरण चालेल का? दोन? जणू गणित म्हणजे कडू औषध, थेंब मोजून पाजायचं. गेली काही वर्षं मी अशी व्याख्यानं देतो आहे, आणि दोन्हीकडचे युक्तिवाद ऐकून ऐकून एक गोष्ट ध्यानात आली आहे. दोघांनीही एकच धरून चाललेलं असतं, की समोरचा माणूस समजून घ्यायला आलेला नाही. एकाला त्याला रिझवायचं असतं, दुसऱ्याला त्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचं असतं.

माझं म्हणणं साधं आहे. अशा व्याख्यानात निदान एक आकडेमोड पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत पूर्ण झाली पाहिजे, तीही श्रोत्यांच्या हातून. आणि जे सिद्ध झालेलं नाही ते सिद्ध झालेलं नाही, असं तोंडाने स्पष्ट सांगितलं पाहिजे. हेर, युद्धं, जर्मनांचं सांकेतिक संदेशांचं एनिग्मा यंत्र, हे सगळं वेळ उरला तर. कारण "माझ्यावर विश्वास ठेवा" हे वाक्य या विषयात चालत नाही. त्या वाक्यावर विसंबून राहायची वेळ येऊ नये म्हणूनच तर आधुनिक क्रिप्टोग्राफी उभी राहिली. तिच्यावरच्या व्याख्यानाने तेच वाक्य श्रोत्याच्या गळ्यात मारायचं, हे मला पटत नाही.

पूर्ण आकडेमोड म्हणजे काय, ते दाखवतो. श्रोत्यांतून दोघांना उठवून सभागृहाच्या दोन टोकांना उभं करायचं. फळ्यावर दोन आकडे लिहायचे: १७ आणि ३. दोघांनी मनात एकेक संख्या धरायची. समजा एकीने ६ धरली आणि दुसऱ्याने ७. तिने ३ चा सहावा घात काढायचा, ७२९; त्याला १७ ने भागायचं आणि फक्त बाकी मोठ्याने सांगायची: १५. त्याने सातवा घात काढायचा, २१८७. त्याची बाकी ११. हे दोन आकडे सगळ्या सभागृहाने ऐकले, फळ्यावरही लिहिले गेले. आता तिने त्याचा ११ घेऊन त्याचा सहावा घात करायचा आणि १७ ने भागून बाकी काढायची. त्याने तिचा १५ घेऊन त्याचा सातवा घात करायचा आणि तेच करायचं. फोनमधलं कॅल्क्युलेटर पुरतं. दोघांनी आपापलं उत्तर कागदावर लिहून एकदम वर धरायचं. दोन्ही कागदांवर ८. त्यांचा एकूण एक शब्द सगळ्यांनी ऐकला, तरी कुणीच न उच्चारलेली एक संख्या दोघांच्या हातात आली. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी जगापुढे ठेवलेली रीत ती हीच. तिला लागलं काय? घात आणि भागाकारातली बाकी, दोन्ही शाळेतलंच.

यानंतर हटकून एक हात वर होतो. कुणीतरी निमंत्रणपत्रिकेच्या मागे ३ चे घात १७ ने भागत बसलेलं असतं: ३, ९, १०, १३, ५, १५... सहाव्या जागी १५ आला, म्हणजे तिची संख्या ६. फुटलं की! मला हवा असतो तो हाच क्षण. सांकेतिक संदेश फोडणं म्हणजे काय, हे त्या माणसाने स्वतः फोडून पाहिलेलं असतं, आणि पुढचा प्रश्न त्याच्याच तोंडून येतो: मग १७ च्या जागी मोठी संख्या घेतली तर? प्रत्यक्षात ती सहाशेहून जास्त अंकांची असते. घात काढायचं काम तेव्हाही संगणकाला सोपंच राहतं, कारण वर्गाचा वर्ग करत उड्या मारता येतात. काही हजार गुणाकारांत काम होतं. पण निमंत्रणपत्रिकेवरची ती यादी? तेवढ्या ओळी लिहायला विश्वात जागा नाही. जाताना सोपं, परतताना अशक्यप्राय. हे वाक्य मी कितीही रंगवून सांगितलं असतं तरी यादी करून पाहिलेल्याला ते जसं कळतं तसं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

उपमांवर माझा राग नाही. काही उपमा अस्सल असतात. ज्ञान न देता पुरावा देण्याची जी कल्पना शफी गोल्डवासर, सिल्वियो मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये मांडली, ती समजवायला गुहेची गोष्ट सांगतात. गुहेला दोन वाटा, मध्ये मंत्राने उघडणारं दार. मंत्र येतो म्हणणारा एका वाटेने आत जातो आणि बाहेरचा ओरडून सांगेल त्या वाटेने परत येतो. मंत्र येत नसेल तर एका खेपेला नशिबाने निभावेल, पण वीस खेपांत निभावण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी. इथे उपमेच्या पोटात खरा तर्क शाबूत आहे. तो हिशेब श्रोता घरी जाऊन पुन्हा करू शकतो. याउलट डिफी-हेलमनसाठी नेहमी दाखवतात ते रंगांचं मिश्रण घ्या. दोघे आपापला गुप्त रंग एका उघड रंगात मिसळतात, मिश्रणांची अदलाबदल करतात, वगैरे. दिसायला छान. पण मिसळलेले रंग वेगळे का करता येत नाहीत? कारण रंग तसेच असतात. म्हणजे जो प्रश्न विचारायचा होता, नेमका तोच उपमेने गिळला. मी स्वतः ही रंगांची गोष्ट बरीच वर्षं सांगितली. श्रोते माना डोलवायचे. एकानेही कधी अडवून प्रश्न विचारला नाही, आणि हे चांगलं लक्षण नाही, हे मला उशिरा उमगलं.

कुलूप-किल्लीची उपमा तर नुसती अपुरी नाही, ती नुकसान करते. कुलूप म्हटलं की डोळ्यांपुढे कुलूप दुरुस्त करणारा येतो, सगळ्या खोल्या उघडणारी मुख्य किल्ली येते, ती जपणारा जबाबदार माणूस येतो. मग एखादं सरकार म्हणतं, "आम्हालाही एक किल्ली द्या, फक्त गुन्हेगारांसाठी वापरू," तेव्हा मागणी वाजवी वाटते. मागणीमागची काळजी खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. तपास यंत्रणांची अडचण खरी असते, बळी पडलेली माणसंही खरी असतात. आणि दुसरी किल्ली गणिताने अशक्य आहे, असंही नाही. पण जो माणूस फळ्यावरचा १५ आणि ११ चा खेळ खेळला आहे त्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही: बाकी काढणाऱ्याचा हेतू काय, हे भागाकाराला कळत नाही. ज्याच्याकडे ६ आहे त्याला ८ मिळणार, मग तो पोलीस असो की चोर. अमेरिकन सरकारने १९९३ मध्ये फोनवरचं बोलणं सांकेतिक करणारी 'क्लिपर' नावाची चिप पुढे केली, तिच्या किल्ल्या सरकारकडे राहणार होत्या. पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ यांनी दाखवून दिलं की, तिच्यातली १६ बिटांची तपासणी चुकवून सरकारची वाट तेवढी बंद करता येते आणि चिप बाकी काम करत राहते.

याहून बोलका दाखला २००७ चा आहे, आणि तो एका व्याख्यानाचाच आहे. त्या वर्षीच्या 'क्रिप्टो' या संशोधकांच्या परिषदेत डॅन शुमो आणि नील्स फर्ग्युसन मोजक्या मिनिटांचं छोटेखानी भाषण करायला उभे राहिले. गुप्त किल्ल्या बनतात त्या यादृच्छिक, म्हणजे कुणाला अंदाज बांधता येऊ नये अशा, आकड्यांतून. अमेरिकेच्या मानकांत असे आकडे तयार करण्याची एक पद्धत होती, नाव ड्युअल ईसी. तिच्यात एका वक्रावरचे दोन बिंदू आधीच ठरवून दिले होते. हे बिंदू ज्याने निवडले त्याला त्यांच्यातलं गुप्त नातं ठाऊक असेल, तर पुढे येणारे सगळे आकडे त्याला आधीच कळू शकतात, एवढंच दोघांनी दाखवलं. कुणावर आरोप केला नाही. ज्यांना समजायचं त्यांना समजलं. तरीही ती पद्धत मानकात राहिली. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या कागदपत्रांनंतर बोभाटा झाला आणि २०१४ मध्ये ती काढून टाकायचं ठरलं. मधली सहा-सात वर्षं काय झालं? चूक दाखवणारं गणित सगळ्यांपुढे उघडं पडलेलं होतं. सभागृहाबाहेर ते वाचता येणारी आणि "ते दोन बिंदू आणले कुठून?" असं विचारणारी माणसं पुरेशी नव्हती. पत्रकार नव्हते, लोकप्रतिनिधी नव्हते, त्यांना पत्रं लिहिणारे नागरिक नव्हते.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. लोक लुबाडले जातात ते फोनवरच्या गोड बोलण्याने, ओटीपी सांगितल्याने, खोट्या दुव्यावर बोट पडल्याने. कुणी सहाशे अंकी संख्येचे अवयव पाडून त्यांचं खातं रिकामं केलेलं नाही. मग व्याख्यानाचा तासभर घात आणि बाकी यांवर कशाला घालवायचा? पासवर्ड कसा ठेवावा ते शिकवा. हा मुद्दा खरा आहे, आणि ज्यांचा वेळ खरोखर एक तासाचाच आहे आणि धोका उद्याच्या फोनचा आहे, त्यांना मी आधी फोनबद्दलच सांगेन. पण सूचनांची यादी म्हणजे विषयाची समज नव्हे. यादी जुनी होते. चोर नवी युक्ती काढतो आणि ती यादीत नसते. शिवाय गणित आणि निष्काळजीपणा ही दोन वेगळी खाती आहेत, हे तरी कुठे खरं आहे?

२०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो उघड किल्ल्या, म्हणजे कुणालाही दिसतील अशा जाहीर ठेवलेल्या संख्या, गोळा केल्या. आरएसए या संदेश सांकेतिक करण्याच्या पद्धतीत अशी प्रत्येक किल्ली म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार; त्या दोन संख्या सापडल्या की गुप्त संदेश उघडा. त्याचे अवयव पाडणं कुणाच्याही आवाक्याबाहेर. पण अनेक उपकरणं चालू केल्या केल्या, पुरेशी यादृच्छिकता जमायच्या आतच किल्ली तयार करत होती. त्यामुळे दोन वेगळ्या उपकरणांना कधीकधी एक मूळ संख्या सारखीच मिळत होती. असं झालं की फोडायला काय लागतं? मसावि! शाळेत घोकलेला, युक्लिडच्या काळापासून चालत आलेला मसावि. फळ्यावर दोन संख्या लिहा: ६५५७ आणि ७३८७. सुट्या सुट्या घेतल्या तर अवयव पाडायला जरा घाम फुटेल. आता मोठीतून लहान वजा करा: ८३०. ६५५७ ला ८३० ने भागा, बाकी ७४७. ८३० ला ७४७ ने भागा, बाकी ८३. ७४७ ला ८३ ने भागा, बाकी शून्य. सामाईक अवयव ८३ हाती आला आणि दोन्ही कुलपं एकदम उघडली: ७९ गुणिले ८३, ८३ गुणिले ८९. चार ओळी. खऱ्या किल्ल्या शेकडो अंकी होत्या, पण ओळी याच. सातवीतली मुलगी हे करते. कारखान्यातून निघालेल्या उपकरणाची ढिलाई आणि अंकगणिताचं एक फार जुनं साधन यांची गाठ कशी पडते, हे पाहिलेला माणूस "यादृच्छिक" हा शब्द पुन्हा हलक्याने घेणार नाही.

अर्धवट ज्ञानाचा आक्षेप मी थोडक्यात घेतो. म्हणतात, थोडं गणित कळलं की लोक घरच्या घरी आपल्या पद्धती बनवतील आणि फसतील. घरगुती पद्धती धोकादायक असतात, यात वाद नाही. पण त्या बनवतं कोण? ज्याने फक्त बांधणं पाहिलं आणि फोडणं कधी पाहिलं नाही, तो. ज्याने १७ ची यादी स्वतः केली, त्याला आपल्याला न फुटणारी गोष्ट शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला फुटू शकते, हे अनुभवाने कळलेलं असतं.

राहिला गुप्ततेचा आक्षेप: हे सगळं चव्हाट्यावर बोललं तर गुन्हेगारांचं फावेल. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण या विषयात १८८३ सालीच निकालात निघाली. ऑग्युस्त केरकॉफ्स यांनी तेव्हाच लिहिलं की, रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालावी, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. तरीही मूठ झाकायचे प्रयत्न थांबले नाहीत. १९७७ च्या जुलैत अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेतल्या एका कर्मचाऱ्याने अभियंत्यांच्या संघटनेला पत्र लिहून बजावलं की, क्रिप्टोग्राफीवरचे निबंध परिषदेत वाचणं शस्त्रनिर्यातीच्या कायद्याचा भंग ठरू शकेल. ऑक्टोबरात कॉर्नेल विद्यापीठात परिसंवाद होता. हेलमन यांचे दोन विद्यार्थी, राल्फ मर्कल आणि स्टीव्ह पोलिग, तिथे आपले निबंध वाचणार होते. खटला झालाच तर विद्यापीठ प्राध्यापकाच्या पाठीशी उभं राहू शकेल, विद्यार्थ्यांची खात्री नाही, असा वकिलांचा सल्ला पडला. मग निबंध हेलमन यांनी वाचले आणि ते दोघे तरुण व्यासपीठावर त्यांच्या शेजारी गप्प उभे राहिले. ज्यांचं काम होतं ते उभे आहेत, सगळे त्यांच्याकडे पाहताहेत, आणि त्यांना बोलता येत नाही. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आज आपण कुणाच्याही परवानगीविना या विषयावर बोलतो ते त्या दिवशी कुणीतरी कचरलं नाही म्हणून.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या गणिती सदरात आरएसए पद्धत सांगितली. सदर सर्वसामान्य वाचकांचं होतं. गार्डनर यांनी त्यात फर्माचं प्रमेय गाळलं नाही, घात गाळले नाहीत, उलट १२९ अंकी संख्या अख्खी छापून "फोडा" म्हणून आव्हान दिलं. अधिक तपशील हवा असेल त्याने तिकीट लावलेला, स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा धाडावा, असं कळवलं होतं. हजारो लिफाफे आले. गणिताला घाबरणारे ते लोक हेच का?

आणि मूठ झाकून ठेवल्याने काय मिळतं, तेही इतिहासात नोंदलेलं आहे. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या संस्थेत जेम्स एलिस यांना उघड किल्लीची कल्पना १९७० च्या आधीच सुचली होती, आणि क्लिफर्ड कॉक्स यांनी आरएसएसारखीच रीत १९७३ मध्ये शोधली होती. सगळं कपाटात राहिलं. जगाने ते पुन्हा शोधलं आणि ते कपाट दोन तपं बंदच राहिलं. कॉक्स यांनी पहिल्यांदा त्यावर जाहीर भाषण केलं ते डिसेंबर १९९७ मध्ये. एलिस महिन्याभरापूर्वीच वारले होते.

शेवटी ज्या गोष्टीसाठी मी सगळ्यात हट्टाला पेटतो ती. मोठ्या संख्येचे अवयव पाडणं कठीण आहे, हे कुणीही सिद्ध केलेलं नाही. व्याख्यानांत हे बहुधा दडवलं जातं, लोकांचा विश्वास डळमळेल म्हणून. त्या १२९ अंकी संख्येला ४० वर पंधरा शून्यं इतकी वर्षं लागतील, असा अंदाज १९७७ मध्ये दिला गेला होता. ती १९९४ मध्ये फुटली; सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून आपापल्या संगणकांचा वेळ दिला, पण मोठा वाटा अवयव पाडायच्या नव्या रीतींचा होता. २००२ मध्ये कानपूर आयआयटीच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट ठरवण्याची खात्रीची रीत सिद्ध केली. ती १२९ अंकी संख्या मूळ नाही हे त्या रीतीने कळतं, पण तिचे अवयव मात्र हाती लागत नाहीत. ते शोधण्याची झटपट रीत नसेलच असं कोण सांगणार? क्वांटम संगणकासाठी तर पीटर शोर यांनी १९९४ मध्ये ती दिलीच. तो संगणक "सगळी उत्तरं एकदम तपासतो" असं सांगतात, ते चूक आहे. ३ च्या घातांची ती यादी पूर्ण करा: सोळाव्या जागी १ येतो आणि पुढे सगळं पुन्हा ३ पासून सुरू. शोर यांची रीत शोधते ती अशा पुनरावृत्तीची लांबी. फळ्यावर यादी असेल तर हे सांगायला दोन मिनिटं लागतात, नसेल तर दोन तासही पुरत नाहीत.

एका व्याख्यानानंतर एका बाईंनी मला विचारलं, "सिद्ध झालेलं नाही म्हणता, मग आम्ही विसंबायचं कशावर?" मी म्हटलं, हजारो लोकांनी चाळीसहून जास्त वर्षं उघडपणे फोडायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही, यावर; याहून भक्कम आधार आज आमच्याकडे नाही. क्वांटमच्या धास्तीने नव्या पद्धती आणल्या आहेत, त्यांची पहिली मानकं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाली, हेही सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "त्या नव्या पद्धती कुणी कुणी फोडून पाहिल्या?" तेव्हा मी त्यांना 'साइक'बद्दल सांगितलं. मानकांच्या निवडीत अगदी उशिरापर्यंत टिकलेली ती पद्धत २०२२ मध्ये वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू यांनी एका साध्या संगणकावर तासाभरात फोडली, आणि त्यांचं हत्यार होतं १९९७ सालचं, या विषयाशी काडीचा संबंध नसलेलं एक प्रमेय. बाईंनी विचारलं, ते प्रमेय काय म्हणतं. मी पुन्हा खडू उचलला. सभागृहाची वेळ केव्हाच संपली होती, पण उठलं कुणी नाही.